देशी बुद्धिबळें आणि गँबिटाची चाल

बुद्धिबळांच्या खेळाविषयीं आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत एक समजूत फार दिवसांपासून रूढ आहे. ती अशी कीं, हिंदी खेळाडू हा जात्याच सावध, धिमा व बचावाकडे कल असणारा; आणि युरोपीय खेळाडू हा स्वभावतःच धाडसी, पहिल्या दहापंधरा चालींतच प्रतिपक्षाच्या राजावर तुटून पडणारा. ही समजूत इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे आली, व आपण ती, इतर पुष्कळ गोष्टींप्रमाणें, तपासून न पाहतां घरांत घेतली. तिच्या पुष्ट्यर्थ बहुधा मीर सुलतानखानाचा दाखला देण्यांत येतो. पंजाबांतील या विलक्षण पुरुषानें १९२९, १९३२ व १९३३ या तीन सालीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेंत कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला त्यानें हरविलें. तरी डावाचा आरंभ करतांना तो चांचपडे, व आपलें खरें सामर्थ्य डावाच्या मध्यांत आणि शेवटीं दाखवी, ही गोष्ट सर्वमान्य आहे. एवढ्यावरून कित्येक टीकाकार एकदम वंशाच्या व रक्ताच्या गोष्टींपर्यंत जाऊन पोंचतात. आमचें म्हणणें असें कीं, रक्तापर्यंत जाण्यापूर्वीं या गृहस्थांनीं पटापर्यंत यावें, व सुलतानखान ज्या नियमांनीं लहानपणीं खेळ शिकला ते नियम काय होते तें आधीं पाहावें.

देशी खेळांत प्यादें पहिल्या चालीसहि बहुतेक एकच घर सरकतें. कांहीं गांवीं ठराविक प्याद्यांना दोन घरांची सवलत देतात, परंतु तो अपवाद. विलायती खेळांत राजापुढचें प्यादें पहिल्याच चालीस दोन घरें धांवून पटाच्या मध्यावर जाऊन बसतें, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चालीस दोन्ही सैन्यांची गांठ पडते. देशी खेळांत तीच गांठ पडावयास कितीतरी अधिक चाली जातात. विलायती खेळांतला किल्लेकोट देशी खेळांत नाहीं. त्याऐवजीं राजाला, शह बसण्यापूर्वीं एकदांच, घोड्याप्रमाणें अडीच घरांची उडी मारतां येते. प्यादें पटाच्या पलीकडच्या कडेस पोंचलें म्हणजे आपणांस हवा तो मोहरा मागून घेण्याची सोय नाहीं. ज्या मोहऱ्याच्या घरांत तें पोंचलें असेल तोच मोहरा त्याच्या वांट्यास येतो. प्रतिपक्षाचें सर्व सैन्य कापून नागवा राजा तेवढा उरला, तर तो विजय नव्हे. त्यास बुर्ज म्हणतात, आणि तसा डाव बरोबरीचा धरितात. आणि सर्व मातींत श्रेष्ठ मात कोणती? तर प्यादेमात. वजिरानें मात काय कोणीहि करील. खरा खेळाडू तो, जो शेवटचा शह प्याद्यानें देतो.

या नियमांकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें, म्हणजे आमचा मुद्दा सांगण्याची फारशी गरज उरणार नाहीं. जेथें प्याद्यानें मात करणें हाच बहुमान, तेथें दुसऱ्याच चालीस एक प्यादें शत्रूच्या तोंडांत देणाऱ्यास लोक शूर म्हणणार नाहींत, वेडा म्हणतील. जेथें शत्रूस पुरता नागवा करून चालत नाहीं, तेथें अखेरच्या दहा मोहऱ्यांची मोजदाद हेंच खरें शास्त्र. आणि जेथें पहिल्या सहासात चालींत कोणाचेंच कोणावांचून अडत नाहीं, तेथें त्या चालींचा अभ्यास कशास करावा? जुने खेळाडू आपापलें सैन्य मनास येईल तसें मांडून घेत. कित्येक ठिकाणीं तर दोघेहि प्रतिपक्षाची वाट न पाहतां चार-चार, पांच-पांच चाली भराभर करून टाकीत, आणि मग खरा खेळ सुरू होई. डावाच्या आरंभास शास्त्र नव्हतें, कारण आरंभास संकट नव्हतें.

आमच्या मसुऱ्यास आम्हीं हा खेळ लहानपणीं पाहिला आहे. भाताची लावणी आटोपून पाऊस थोडा धरून राहिला, म्हणजे कोणाच्या तरी पडवींत कापडी पट उलगडला जाई, व दोन म्हातारे त्याच्या दोन्ही अंगांस बसत. भोंवतीं पांचसात जण. त्यांतला प्रत्येक जण दोन्ही पक्षांचा सल्लागार. आम्हां पोरांस शाळेंत विलायती पद्धतीची ओळख झालेली असल्यामुळें पहिल्याच चालीस दोन घरें जाण्याची उतावीळ असे. तेव्हां त्यांतला एक म्हातारा हात धरून म्हणे, “घाई कित्याक? राजा खंय पळान जाता?” त्या वेळीं आम्हांस तें वृद्धांचें धोरण वाटलें. आतां वाटतें कीं, देशी खेळाचा सबंध सिद्धांतच त्या दोन वाक्यांत होता. त्या नियमांनीं खेळणाऱ्याचा राजा खरोखरच कोठें पळून जात नाहीं. विलायती खेळांत मात्र तो पळतो. सहाव्या-सातव्या चालीस किल्लेकोट करून तो कोपऱ्यांत जाऊन बसतो, आणि मग त्यास गांठण्यासाठीं भिंत फोडावी लागते. म्हणून घाई!

ही घाई आपल्या लोकांस ठाऊक नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. मसुऱ्यांतच कालावलच्या खाडीवर भरतगड उभा आहे, आणि खाडीच्या पलीकडच्या तीरावर त्याच्याकडे डोळे लावून भगवंतगड. एक वाडीकर फोंड सावंतांचा, दुसरा बावडेकर पंत अमात्यांचा. भरतगडाच्या टेकडीस पाणी नव्हतें. सावंतांनीं कातळ फोडून खोल विहीर खणविली, पाणी लागलें, आणि १७०१ पर्यंत किल्ला पुरा झाला. खाडीच्या तोंडावर ज्याचा किल्ला आधीं उभा राहील त्याचा जकातीवर हात, हें दोघेहि जाणून होते. म्हणूनच कातळाचा व खर्चाचा विचार त्यांनीं केला नाहीं. वेळ विकत घ्यावयाची तर द्रव्य मोजावें लागतें हें तत्त्व ज्यांस प्रत्यक्ष राजकारणांत कळत होतें, त्यांस तें पटावर कळलें नसतें असें म्हणणें धाडसाचें आहे. पटाच्या नियमांतच त्या तत्त्वाला वाव नव्हता, एवढेंच.

प्याद्याची किंमत देऊन वेळ विकत घेणें, यासच विलायती खेळांत गँबिट म्हणतात. शब्द मूळ इटालियन. अर्थ, पायांत पाय घालून पाडणें. १५६१ सालीं रुय लोपेझ या स्पॅनिश पाद्र्यानें तो आपल्या बुद्धिबळांवरील ग्रंथांत वापरला. आपल्याकडील पैलवानांस याचें भाषांतर करून सांगावें लागणार नाहीं. आखाड्यांत यासच टांग मारणें म्हणतात, आणि टांग मारणारा क्षणभर स्वतः एकाच पायावर उभा असतो हेंहि त्यांस ठाऊक असतें. गँबिटाचें सौंदर्य व संकट दोन्ही त्या एका पायावर आहेत.

आतां आपल्या ग्रंथांकडे वळूं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वरानें ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यांत राजाच्या विनोदांमध्यें या खेळाचें वर्णन आहे. सतराव्या शतकांत, पैठणाहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टानें ‘भगवंतभास्कर’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ केला; त्याच्या नीतिमयूखांत हा महापंडित राजनीति सांगतां सांगतां बुद्धिबळांवर येतो, व घोड्यास चौसष्ट घरांतून, एकाहि घरीं दोनदां न जातां, कसें फिरवावें तें सांगतो. घोड्याच्या या फिरतीचें वेड आपल्याकडे फार जुनें. काश्मीरच्या रुद्रटानें नवव्या शतकांतच तिच्यावर चित्रकाव्याचा बंध रचला आहे. कोडीं, बंध, अंत्यस्थिति, प्यादेमातीचे नमुने यांत आपल्या पूर्वजांची बुद्धि रमली. पहिल्या पांच चालींवर मात्र कोणी पान खर्चिलेलें दिसत नाहीं, आणि तें कां, हें वर आलेंच आहे.

येथून खरी कथा सुरू होते. १८१४ सालीं, म्हणजे पुण्यास दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई अद्याप चालू असतां, मुंबईस एक इंग्रजी पुस्तक छापलें गेलें. त्याचे कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ संस्कृत ‘विलासमणिमंजरी’. तिचें हें भाषांतर, आणि मुखपृष्ठावरच सांगितलेलें कीं हे बुद्धिबळांवरील निबंध ‘युरोपीय खेळाच्या पद्धतीस जुळवून’ घेतले आहेत. तीन वर्षांनीं, १८१७ त, लंडनच्या विल्यम लुइस यानें ‘ओरिएंटल चेस’ नांवाचें दोन भागांचें पुस्तक काढून हिंदी कौशल्याचे असे नमुने इंग्रज वाचकांपुढें ठेविले. संस्कृत जाणणाऱ्या एका शास्त्र्यानें परकी नियम आत्मसात् करून त्या नियमांवर ग्रंथ लिहावा, व तो इंग्लंडांतील खेळाडूंनीं शिकण्यासाठीं वाचावा, ही गोष्ट मराठी वाचकांस जितकी माहीत असावयास पाहिजे तितकी नाहीं. पाठशाळांच्या इतिहासांत तिला जागा नाहीं, छापखान्यांच्या इतिहासांत नाहीं, आणि खेळाचे इतिहास आपण लिहीत नाहीं! पण आमच्या प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, शास्त्रीबोवांनीं नियम विलायती घेतले, तरी विषय देशीच ठेविला. पुस्तकांत भर आहे तो अडचणींच्या स्थितींवर, म्हणजे शेवटावर. हात नव्या पटावर बसला होता. मन अद्याप जुन्या पटावर होतें.

चौदा वर्षें जातात. १८२८ त मद्रास व हैदराबाद या दोन शहरांमध्यें डाकेनें दोन डावांचा सामना सुरू झाला. दोन्हींकडे खेळणारे पटापुढें बसून विचार करीत, चाल कागदावर लिहीत, आणि उत्तर येईपर्यंत दिवस मोजीत. हैदराबाद त्या काळीं निजामाचें. आपला मराठवाडा त्याच राज्यांत. मद्रासच्या बाजूस गुलाम कासीम नांवाचा हिंदी खेळाडू होता. १८२९ त त्यानें व मद्रासच्या मुलकी नोकरींतील जेम्स कॉक्रेन यानें मिळून या डावांचें एक पुस्तक मद्रासेस छापविलें, आणि डावांबरोबर त्यांत एका आरंभाचें सविस्तर विवेचन घातलें. तो आरंभ कोणता? बचावाचा नव्हे, सावधपणाचा नव्हे. तो होता मुझिओ गँबिट; सबंध खेळांत ज्याहून भडक आरंभ शोधूं गेल्यास क्वचित् सांपडेल, असा.

वाचकांच्या सोयीसाठीं तो थोडा उलगडून सांगतों. पांढरा व काळा दोघेहि राजापुढचें प्यादें दोन घरें टाकतात. दुसऱ्या चालीस पांढरा आपल्या राजाच्या उंटापुढचें प्यादें दोन घरें पुढें टाकून फुकट देऊं करतो. काळा तें मारतो. पांढरा राजाकडील घोडा काढतो. काळा मिळालेलें प्यादें राखण्यासाठीं आपल्या घोड्यापुढचें प्यादें दोन घरें आणतो. पांढरा उंट काढून काळ्या राजाजवळच्या दुबळ्या घरावर, म्हणजे त्याच्या उंटापुढील प्याद्यावर, रोख धरतो. काळा घोड्यापुढचें तेंच प्यादें आणखी एक घर रेटून पांढऱ्या घोड्याच्या अंगावर घालतो. येथें कोणीहि शहाणा मनुष्य घोडा हलवील. पांढरा तसें करीत नाहीं. तो किल्लेकोट करतो, व घोडा तेथेंच मरूं देतो! काळा घोडा मारतो, पांढऱ्याचा वजीर तें मारणारें प्यादें मारून पुढें येतो. आतां हिशेब पाहावा. सहा चाली झाल्या. पांढऱ्याचा एक घोडा व एक प्यादें गेलें, त्याबदल्यांत एक प्यादें मिळालें. परंतु त्याचा वजीर, हत्ती व उंट तिन्ही मोहरे काळ्या राजाच्या रोखानें लागले आहेत, आणि काळ्यानें अद्याप एकहि मोहरा हलविलेला नाहीं. त्यानें केवळ प्यादीं हलविलीं व प्यादीं मारलीं. टांग बसली. आतां पडतो कोण, हें पुढल्या दहा चालींत ठरावयाचें.

गुलाम कासीमाचें नांव बुद्धिबळांच्या वाङ्मयांत आजहि एका विशिष्ट फांट्यास लागलेलें आहे. त्या फांट्यांत पांढरा पांचव्या चालीस किल्लेकोट करीत नाहीं. वजिरापुढचें प्यादें दोन घरें टाकून मध्य व्यापतो, आणि घोडा मरावयाचा तो मरोच. राजाला कोपऱ्यांत न नेतां मध्यें उघडा ठेवून सैन्य पुढें नेणें यांत, ज्या खेळांत किल्लेकोट नव्हता त्या खेळाची संवय डोकावते असें आम्हांस वाटतें. हें आमचें अनुमान. कोणी तें न मानल्यास आम्ही भांडणार नाहीं. परंतु एक गोष्ट अनुमानाची नव्हे. १८१४ त आपला शास्त्री विलायती नियमांवर देशी शेवट लिहितो, आणि १८२९ त आपला दुसरा खेळाडू विलायती आरंभांतील सर्वांत भडक आरंभावर असा ग्रंथ लिहितो कीं त्याचें नांव युरोपास ठेवावें लागतें. पंधरा वर्षांत रक्त बदलत नाहीं. नियम बदलले, आणि बुद्धि त्या नियमांमागून गेली.

याच्या उलट बाजूचा एक डावहि पाहण्यासारखा आहे. कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नांवाचा इंग्रज बॅरिस्टर होता. मद्रासच्या जेम्सशीं वाचकांनीं याची गल्लत करूं नये. त्या काळच्या पहिल्या प्रतीच्या खेळाडूंत याची गणना होई. त्यास तेथें महेशचंद्र बंदोपाध्याय नांवाचा, देशी खेळांत वाढलेला, एक ब्राह्मण खेळाडू मिळाला, व दोघांचे शेंकडों डाव झाले. १८४८ त याच महेशचंद्रांविरुद्ध कॉक्रेननें चौथ्या चालीस घोडा देऊन राजाजवळचें प्यादें मारलें व राजास बाहेर ओढलें. त्या चालीस आजहि कॉक्रेन गँबिट म्हणतात. म्हणजे धाडस इंग्रजाचें व बचाव हिंद्याचा, ही जी प्रतिमा आरंभीं सांगितली, तिचा हा अगदीं सांचा. पण महेशचंद्र काय करीत होते तें पाहावें. ते देशी संवयीनें घोड्यापुढचें प्यादें एकच घर सरकवीत, व त्या मोकळ्या झालेल्या घरांत उंट बसवून दुरूनच पटाच्या मध्यावर रोख धरीत. तत्कालीन इंग्रज खेळाडूंस ही भित्री मांडणी वाटली असल्यास नवल नाहीं.

१८५५ सालच्या मे महिन्यांतील त्यांचा एक डाव उपलब्ध आहे. कॉक्रेन पांढरा, महेशचंद्र काळे. पांढऱ्यानें वजिरापुढचें प्यादें दोन घरें टाकलें. महेशचंद्रांनीं घोडा काढला, घोड्यापुढचें प्यादें एक घर सरकविलें, आणि मग तिसऱ्या चालीस अकस्मात् आपल्या वजिरापुढचें प्यादें दोन घरें टाकून पांढऱ्याच्या मध्यावर घाव घातला. पुढें पांढऱ्यास मध्यावर प्याद्यांची मोठी भिंत बांधूं द्यावयाची, आणि दूर बसलेल्या उंटानें व बाजूच्या प्याद्यानें ती भिंत पोखरावयाची, असा तो बेत. डाव महेशचंद्र हरले. पंधराव्या चालीच्या सुमारास त्यांचा वजीर मागेंपुढें होत राहिला. कॉक्रेननें घोडा राजाजवळच्या त्याच दुबळ्या घरांत घुसविला. महेशचंद्रांनीं उलट त्याच्या वजिरावर घोडा घातला, आणि तेथेंच घात झाला. दुहेरी शह, राजा कोपऱ्यांत, वजिराचा बळी, व आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजास घोड्यानें मात. मात सुंदर आहे, व ती कॉक्रेनची आहे, यांत वाद नाहीं.

परंतु डावाचा आरंभ कोणाचा? १९२२ त व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डनें हीच मांडणी मोठ्या स्पर्धांत आणली, व तेव्हांपासून ती त्याच्या नांवानें ओळखली जाते. घोड्यापुढचें प्यादें एक घर सरकवून उंट बसविण्याच्या या सबंध कुलास ‘इंडियन’ बचाव हें नांव पडलें. आणि वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु आजच्या खेळांतील अत्यंत तिखट आरंभांत या कुलाची गणना होते. कास्पारोव्हनें कार्पोव्हशीं जगज्जेतेपदासाठीं झुंजतांना ग्रुनफेल्ड व किंग्ज इंडियन हींच शस्त्रें वापरलीं. तीं भित्र्यांचीं म्हणण्याची कोणाची छाती आहे? ज्या चालीस एक प्यादें एकच घर सरकतें, ती संवय म्हणून हिणविली गेली, आणि सत्तर वर्षांनीं तीच चाल सिद्धांत म्हणून परत आली. फरक एवढाच कीं, जातांना तिच्यावर महेशचंद्रांचें नांव नव्हतें व येतांना ग्रुनफेल्डचें होतें.

महाराष्ट्रांतील पुढचा इतिहास आम्ही थोडक्यांत उरकतों. १८९३ त पुण्यास विनायक राजाराम टोपे यांचें ‘बुद्धिबळक्रीडा’ हें मराठी पुस्तक निघालें. १९४१ त सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांनीं नूतन बुद्धिबळ मंडळ काढलें. उन्हाळ्यांत बाहेरगांवचीं मुलें तेथें येऊन राहत, खेळत, हरत व शिकत. १९५१ त अखिल भारतीय महासंघ झाला, आणि १९५५ त आंध्रांतील एलुरू येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तींत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे दोघे मिळून अजिंक्य ठरले. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या घराण्यांतील वासंती, जयश्री व रोहिणी या तीन बहिणींनीं तर स्त्रियांचें राष्ट्रीय अजिंक्यपद कित्येक वर्षें घराबाहेर जाऊं दिलें नाहीं. त्यांतील रोहिणी १९७६ त पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरली, तेव्हां बराच गिल्ला झाला. शेवटीं स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं असा निर्णय जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांस द्यावा लागला. ‘स्वभावतः’ हा शब्द तेथेंहि पुष्कळ वापरला गेला होता. २८ जुलै २०२५ रोजीं नागपूरच्या दिव्या देशमुखनें बातुमी येथें कोनेरू हंपीस हरवून स्त्रियांचा विश्वचषक घेतला, तेव्हां तो शब्द वापरणारे लोक कोठें गेले होते, कोण जाणे.

आतां आरंभाच्या धाडसासंबंधीं एक नवा आक्षेप निघाला आहे, आणि तो जुन्या आक्षेपाहून अधिक विचार करण्याजोगा आहे. तो असा कीं, आज गणकयंत्र प्रत्येक आरंभाची पंधरा-वीस चालींपर्यंत छाननी करून ठेवतें. खेळाडू घरीं तें पाठ करतो. तेव्हां पटावर दिसणारें धाडस हें धाडस नसून केवळ पाठांतर आहे. गुलाम कासीमानें मुझिओचे फांटे स्वतःच्या डोक्यानें काढले. आजचा तरुण ते उतरून घेतो. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि एप्रिल २०२४ मध्यें टोरोंटो येथें झालेल्या उमेदवारांच्या स्पर्धेंतील दोन लागोपाठचे दिवस आम्हांस या बाबतींत फार बोधप्रद वाटतात.

नाशिकचा विदित गुजराथी २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून तेथें गेला होता. दुसऱ्या फेरींत, ५ एप्रिल रोजीं, त्याची गांठ अमेरिकेच्या हिकारू नाकामुराशीं पडली. विदित काळा. आरंभ स्पॅनिश, म्हणजे त्याच रुय लोपेझच्या नांवाचा. त्यांतला बर्लिन बचाव, पांढऱ्यानें शांत मार्ग घेतलेला. येथवर धिमेपणाचें सर्व साहित्य सिद्ध होतें. आणि अकराव्या चालीस विदितनें उंट उचलून पांढऱ्या राजाच्या पुढ्यांतील प्याद्यावर घातला. उंट दिला, किल्लेकोटाची भिंत फोडली. नाकामुरा ४७ डाव अजिंक्य राहिला होता. ती मालिका त्या दिवशीं संपली. चाल घरीं तयार केलेली होती असें आक्षेपक म्हणतील. असूं दे. उंट दिल्यावर पुढचा प्रत्येक शह विदितला पटावरच द्यावा लागला. आणि ज्यानें तयार केलेली चाल घड्याळ चालूं असतांना, जगांतल्या पहिल्या पांचांतल्या एका खेळाडूसमोर, प्रत्यक्ष खेळून दाखविली, त्यानें त्या क्षणीं एका पायावर उभें राहण्याचें पत्करलें होतेंच.

दुसऱ्याच दिवशीं हीच गोष्ट उलटी झाली. ६ एप्रिलच्या तिसऱ्या फेरींत विदित पांढरा, समोर प्रज्ञानंद. पुन्हा स्पॅनिश. पांढऱ्याचा उंट तिसऱ्या चालीस काळ्या घोड्यावर रोखला गेला, आणि येथें शंभरांतले नव्वद खेळाडू बचावाची एखादी शांत चाल करतात. प्रज्ञानंदानें आपल्या राजाच्या उंटापुढचें प्यादें दोन घरें टाकलें. म्हणजे राजापुढचा दरवाजा स्वतःच्या हातानें उघडून तो झुंजीस उभा राहिला! या चालीचें विवेचन रशियाच्या कार्ल यानिशनें १८४७ त केलें, व पुढें श्लीमानचें नांवहि तिला लागलें. पौणेदोनशें वर्षांत पंडितांनीं तिला संशयास्पद ठरविलें होतें. इतक्या वरच्या पायरीच्या स्पर्धेंत ती क्वचितच दिसते. विदितची तयारी दुसरीकडे होती. पहिल्या घटकेंतच त्यास विचारांत वेळ घालवावी लागली, आणि वेळ हीच तर गँबिटाची मागणी असते. डाव प्रज्ञानंदानें जिंकला.

त्याच चालीची टिप्पणें विदितजवळहि नसतील असें नाहीं. यंत्र दोघांपाशीं सारखेंच होतें. प्रश्न एवढाच होता कीं, त्या दिवशीं त्या पटावर ती काढावयाची कोणी. प्रज्ञानंद हा चेन्नईचा. ज्या मद्रासेस गुलाम कासीमाचें पुस्तक १८२९ त छापलें गेलें तीच ही चेन्नई. या योगायोगावर आम्ही कांहींच उभारूं इच्छीत नाहीं, कारण वंशाचा सिद्धांत मागच्या दारानें घालवून शहराचा सिद्धांत पुढच्या दारानें आंत घेणें आम्हांस शोभणार नाहीं. विदितनें पुढें नवव्या फेरींत नाकामुरास आणखी एकदां हरविलें. स्पर्धा संपली तेव्हां चौदा डावांत त्याचे सहा गुण झाले होते व तो सहावा होता. प्रज्ञानंदाचे सात, व तो पांचवा. नऊ गुणांनीं पहिला आलेला गुकेश त्या वेळीं सतरा वर्षांचा होता.